चारदा नियम मोडून पाळलेला शब्द

२०१३ च्या सुरुवातीला फक्त बिटकॉइनच्या मायनिंगसाठी घडवलेली पहिली यंत्रं गिऱ्हाइकांच्या हाती पडली आणि घरच्या कॉम्प्युटरवर बिटकॉइन मिळवायचे दिवस संपले. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातली कल्पना वेगळी होती. जगभर विखुरलेल्या साध्या कॉम्प्युटरांनी मिळून व्यवहारांची नोंद ठेवायची आणि एका प्रोसेसरला एक मत, असा तो हिशेब होता. पण दोनेक वर्षांत लोकांच्या लक्षात आलं की गेम खेळायला घेतलेलं ग्राफिक्स कार्ड हेच गणित कितीतरी पटींनी वेगाने करतं. त्यामागोमाग एसिक आल्या. एसिक म्हणजे एकच एक गणित करणारी, बाकी कशाच्याही उपयोगाची नसलेली चिप. तिच्यापुढे ग्राफिक्स कार्डाचा टिकाव लागणं शक्यच नव्हतं. मत द्यायची ताकद हळूहळू स्वस्त वीज मिळणाऱ्या मोठमोठ्या गोदामांत जाऊन साठली.

हे टाळायचा एक प्रयत्न आधीच झाला होता. चार्ली ली यांनी ऑक्टोबर २०११ मध्ये लाइटकॉइन सुरू केलं, तेव्हा त्यांनी बिटकॉइनचं गणित न घेता ‘एसक्रिप्ट’ नावाचं गणित घेतलं. कॉलिन पर्सिव्हल यांनी ते २००९ मध्ये आपल्या बॅकअप सेवेतल्या पासवर्डांच्या रक्षणासाठी तयार केलं होतं. त्याला वेगाबरोबर मेमरीही भरपूर लागते, म्हणून त्याची स्वस्तातली चिप करणं अवघड जाईल, असा समज होता. तो फार काळ टिकला नाही. २०१४ उजाडलं तोवर एसक्रिप्टच्या एसिकही बाजारात येऊ लागल्या होत्या.

याच सुमारास, जानेवारी २०१४ मध्ये, व्हर्टकॉइन सुरू झालं. त्या वर्षी शेकड्यांनी नवी नाणी निघाली आणि त्यातली बहुतेक वर्षभरात विझली. पुष्कळ नाण्यांच्या कर्त्यांनी सुरू होण्याआधीच स्वतःसाठी मोठा साठा काढून ठेवलेला असे. व्हर्टकॉइनमध्ये तसं काही नव्हतं. कुणासाठी राखीव वाटा नाही, गुंतवणूकदारांना आधी विकलेली नाणी नाहीत, मागे कंपनीही नाही. एकूण नाणी ८ कोटी ४० लाखांपेक्षा जास्त कधी होणार नाहीत. दर अडीच मिनिटांना एक ब्लॉक, प्रत्येक ब्लॉकमागे ५० नाणी, आणि दर ८ लाख ४० हजार ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, ती नाणी निम्मी. हे सगळं लाइटकॉइनच्या वळणाचंच. वेगळा होता तो दिलेला शब्द: मायनिंग घरच्या ग्राफिक्स कार्डावरच होत राहील, आणि एसिक आली तर आम्ही गणितच बदलू.

हा शब्द पाळण्यासाठी व्हर्टकॉइनच्या माणसांना पुढच्या सात वर्षांत आपल्याच नाण्याचा सगळ्यांत मूळ नियम चारदा मोडावा लागला. या नाण्याच्या किमतीबद्दल बरंच लिहिलं गेलं. मला मात्र त्याचा खरा इतिहास या चार मोडतोडींत दिसतो, आणि त्या निस्तरणाऱ्या बहुतांशी बिनपगारी कामात.

नियम मोडणं म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहायला हवं. ब्लॉकचेन ही सगळ्यांकडे सारखीच प्रत असलेली हिशेबाची वही आहे. वहीत नवं पान, म्हणजे ब्लॉक, जोडायचा मान आणि त्यामागची नवी नाणी एक अवघड गणिती कोडं आधी सोडवणाऱ्याला मिळतात; हे कोडं सोडवणं म्हणजेच मायनिंग. कोड्याचं उत्तर शोधायला अफाट खटपट लागते, पण आलेलं उत्तर बरोबर आहे की नाही हे कुणीही क्षणात तपासू शकतं. हे कोडं कोणत्या गणिताने घालायचं, हे प्रत्येक कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं असतं. ते बदलायचं तर नाणं वापरणाऱ्या प्रत्येकाने, मग तो मायनर असो, अनेक मायनरांची ताकद एकत्र करणारा पूल चालवणारा असो, एक्स्चेंज असो की वॉलेट बनवणारा, एका ठरलेल्या ब्लॉकच्या आत नवं सॉफ्टवेअर घालावं लागतं. जो घालणार नाही तो जुन्या नियमांच्या वेगळ्या साखळीवर एकटा पडतो. यालाच हार्ड फोर्क म्हणतात. हुकूम सोडणारं कुणी नसतं. कोड लिहिणाऱ्यांनी कोड लिहायचा, तो आधी चाचणीच्या साखळीवर चालवून पाहायचा, तारखेऐवजी ब्लॉकचा क्रमांक जाहीर करायचा आणि मग आठवडेच्या आठवडे अनोळखी माणसांना विनवत राहायचं: तुमचं वॉलेट बदला, तुमचा सर्व्हर बदला, अमुक ब्लॉकच्या आधी बदला. शेकडो नाणी विकणाऱ्या एक्स्चेंजच्या लेखी लहानशा नाण्याचं हे काम यादीत खाली असतं. त्यांच्या तांत्रिक माणसाला गाठून त्याच्याकडून होकार मिळवणं हा या कामातला सगळ्यांत कंटाळवाणा भाग, आणि तो चुकला तर बाकी सगळं फुकट.

सुरुवातीचं गणित एसक्रिप्टचाच एक प्रकार होतं. त्यात मेमरीची गरज काळाबरोबर वाढत जाणार होती, म्हणजे आज बनवलेली चिप उद्या निकामी ठरावी. कोड्याची काठिण्यपातळी दर ब्लॉकला जुळवून घ्यायची युक्ती मेगाकॉइन या दुसऱ्या एका लहान नाण्यासाठी तयार झालेल्या कोडमधून आली होती. लहान नाण्यांच्या जगात अशी देवाणघेवाण सर्रास चालते. कोड उघडा असतो, कुणाचंही चांगलं काम कुणीही घ्यावं. मेमरीच्या वाढत्या गरजेचा हा उपाय कायमचा पुरणार नाही, अशी शंका वर्षाच्या आतच येऊ लागली. डिसेंबर २०१४ मध्ये पहिली मोडतोड झाली आणि नवं गणित आलं, लायरा२आरई.

त्याचा गाभा ब्राझीलमधल्या साव पावलो विद्यापीठातला. तिथल्या संशोधकांनी पासवर्डांसाठी ‘लायरा२’ ही पद्धत तयार केली होती, आणि पासवर्ड-हॅशिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०१५ मध्ये तिची खास दखल घेतली गेली. व्हर्टकॉइनच्या मंडळींनी ही पद्धत इतर काही हॅश-गणितांच्या, म्हणजे कोडं घालायला वापरल्या जाणाऱ्या गणितांच्या, मालिकेत गुंफली. ग्राफिक्स कार्डं कमी तापावीत आणि वीज कमी लागावी, हाही हेतू होता. घरात मायनिंग करणाऱ्याला विजेचं बिल स्वतःच्याच खिशातून भरायचं असतं. त्याच्यासाठी ही बाब किरकोळ नव्हती.

पण आठच महिन्यांत नवी अडचण उभी राहिली. हे गणित साध्या प्रोसेसरवरही बऱ्यापैकी चालत होतं, आणि त्याचा फायदा भलत्यांनीच घेतला. मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या कॉम्प्युटरांचं जाळं, म्हणजे बॉटनेट, व्हर्टकॉइनच्या मायनिंगला जुंपलं गेलं आणि त्याच्याकडे एकूण ताकदीच्या निम्म्याहून जास्त वाटा गेला. ऑगस्ट २०१५ मध्ये दुसरी मोडतोड झाली. लायरा२आरईच्या दुसऱ्या आवृत्तीत हॅशांची मालिका अशी बदलली की ग्राफिक्स कार्डाला झुकतं माप मिळावं आणि बॉटनेटला ते परवडू नये.

त्यानंतरची दोन वर्षं त्यामानाने बरी गेली. एमआयटीच्या डिजिटल करन्सी इनिशिएटिव्हमध्ये टॅज ड्रायजा हे लाइटनिंग या जलद देवाणघेवाणीच्या तंत्रावर काम करत होते. जोसेफ पून यांच्यासह लाइटनिंगचा मूळ निबंध लिहिणारे ते हेच. त्यांच्या ‘लिट’ या सॉफ्टवेअरमध्ये बिटकॉइन आणि लाइटकॉइनबरोबर व्हर्टकॉइनलाही जागा मिळाली. त्यामागे जेम्स लव्हजॉय होते. एमआयटीत शिकणारे लव्हजॉय व्हर्टकॉइनचे प्रमुख विकासक झाले होते, आणि पुढच्या कथेत त्यांचं नाव पुन्हा पुन्हा येणार आहे. २०१७ मध्ये लाइटनिंगला सोयीचा असलेला ‘सेगविट’ हा बदल व्हर्टकॉइनवर लागू झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चार्ली ली यांनी कुणाही मध्यस्थाशिवाय दोन वेगळ्या साखळ्यांवरची नाणी थेट अदलाबदल करून दाखवली. अशी अदलाबदल झालेल्या पहिल्या मोजक्या नाण्यांत व्हर्टकॉइन होतं.

घरच्या मायनरसाठी एक सोपा प्रोग्रामही निघाला, ‘वन-क्लिक मायनर’. तोवर मायनिंग सुरू करायचं म्हणजे काळ्या पडद्यावर लांबलचक आज्ञा टाइप करायच्या, पूलचा पत्ता घालायचा आणि कार्डाला सोसेल असा वेग अंदाजाने शोधायचा. हे नको असलेल्या माणसासाठी एक बटण. मला हा प्रोग्राम या सगळ्या खटाटोपातला सगळ्यांत प्रामाणिक तुकडा वाटतो. आपलं नाणं सामान्य माणसासाठी आहे असं म्हणणारे ढीगभर होते. सामान्य माणसाला कुठे अडतं ते शोधून तिथला दगड बाजूला करणारे मोजकेच होते.

डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्यांदा ब्लॉकमागची नाणी ५० वरून २५ वर आली. क्रिप्टोच्या त्या वेडसर महिन्यात एका व्हर्टकॉइनची किंमत नऊ-दहा डॉलरपर्यंत चढली. मग बाजार कोसळला, आणि लहान नाण्यांचं मूळचं दुखणं उघडं पडलं.

साखळीची सुरक्षा तिच्यावर खर्च होणाऱ्या ताकदीवर ठरते, आणि ताकद तेवढीच लागते जेवढी किंमत परवडू देते. किंमत पडली की मायनर निघून जातात आणि राहिलेल्यांपेक्षा जास्त ताकद जमवणं स्वस्त होतं. त्यातच नाइसहॅश ही स्लोव्हेनियात सुरू झालेली बाजारपेठ एव्हाना मोठी झाली होती. तिथे मायनिंगची ताकद तासांवर भाड्याने मिळते. एखाद्याकडे स्वतःचं एकही यंत्र नसलं तरी तो दुसऱ्यांची हजारो यंत्रं दिवसभर आपल्या कामाला लावू शकतो. निम्म्याहून जास्त ताकद हाती आली की चोरी अशी होते: आधी एक्स्चेंजवर नाणी भरायची. त्याच वेळी गुपचूप दुसरी साखळी बांधत जायची. तीत ही नाणी एक्स्चेंजला न जाता चोराच्याच दुसऱ्या पत्त्यावर जातात. एक्स्चेंजवर नाणी विकून बिटकॉइन काढून घ्यायचे आणि मगच लपवलेली, जास्त कष्टाची साखळी जाहीर करायची. नियम सांगतो की जास्त कष्टाची साखळी तीच खरी. एक्स्चेंजला मिळालेली नाणी एका क्षणात कधी मिळालीच नव्हती अशी होतात. कुणाच्या खात्याचा पासवर्ड फुटत नाही, कोडमध्ये चूक सापडत नाही. सगळं नियमानुसार घडतं.

२०१८ च्या मे महिन्यात बिटकॉइन गोल्ड या दुसऱ्या एका नाण्यावर असाच हल्ला होऊन सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरची नाणी गेली होती. व्हर्टकॉइनची पाळी ऑक्टोबरात आली. तिच्या आदल्या काही महिन्यांत लायरा२आरई-व्ही२ साठीच्या एसिकही बाजारात आल्या होत्या, म्हणजे दिलेला शब्द मोडला गेला होता, तोही दुसऱ्यांकडून. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१८ या काळात साखळी २२ वेळा खोलवर उलटवली गेली, त्यातल्या १५ खेपांना तीच नाणी दोनदा खर्च झाली. कॉइनबेसचे अभियंते मार्क नेस्बिट यांनी हे तपासून मांडलं. त्यांच्या अंदाजाने चोरीचा आकडा एक लाख डॉलरच्या घरात होता, आणि सगळ्यांत मोठ्या खेपेत तीनशेहून अधिक ब्लॉक पुसले गेले होते. व्हर्टकॉइन कॉइनबेसवर विकलं जात नव्हतं. तरीही हा अभ्यास झाला, कारण ज्या दुखण्याने आज लहान नाणं आजारी पडतं ते उद्या थोड्या मोठ्याला गाठू शकतं.

फेब्रुवारी २०१९ च्या सुरुवातीला, ब्लॉक क्रमांक १०,८०,००० वर, तिसरी मोडतोड झाली. लायरा२आरई-व्ही३ आलं आणि दुसऱ्या आवृत्तीच्या एसिक व्हर्टकॉइनच्या दृष्टीने निकामी झाल्या. हे काम घाईचं होतं आणि तसंच ते केलं गेलं. गणितात एसिकला आडवं जाईल एवढाच बदल, आणि ग्राफिक्स कार्डांसाठी मायनिंगचे नवे प्रोग्राम. भाड्याने ताकद घेऊन होणाऱ्या हल्ल्याला मात्र या बदलात उत्तर नव्हतं. ग्राफिक्स कार्डं सगळी सारखीच, आज एका नाण्यासाठी तर उद्या दुसऱ्यासाठी. नाइसहॅशवर व्ही३ ची ताकदही लवकरच भाड्याने मिळू लागली.

३० नोव्हेंबर २०१९ ला नाइसहॅशवर या ताकदीचा भाव अचानक वाढला. लव्हजॉय यांचं तिकडे लक्ष होतं. भाव वाढला म्हणजे कुणीतरी मोठ्या प्रमाणावर घेत होतं, आणि या गणिताचं मोठं नाणं व्हर्टकॉइनशिवाय दुसरं नव्हतं. नाइसहॅश आपल्या यंत्रांना कोणतं काम वाटून देतं हे पाहता येतं. त्यांनी पाहिलं तेव्हा यंत्रांकडे अशा व्हर्टकॉइन ब्लॉकांचं काम जात होतं की जे उघड्या साखळीवर कुठेच नव्हते. कुणीतरी लपून दुसरी साखळी बांधत होतं आणि तिची एक एक वीट भाड्याच्या यंत्रांना दिलेल्या कामात दिसत होती.

हे कळल्यावर हल्ला थांबवायचा मार्ग प्रमुख विकासकाकडेही नसतो. साखळीला बंद करायचं बटण नाही, आणि तसं बटण असतं तर तिचा हेतूच संपला असता. लव्हजॉय यांच्या हाती होता एकच उपाय, आणि तो त्यांनी केला. त्यांनी बिट्रेक्स या एक्स्चेंजला कळवलं. व्हर्टकॉइनचा मोठा व्यवहार तिथेच चाले. बिट्रेक्सने व्हर्टकॉइनची भरणा-काढणी बंद केली.

१ डिसेंबरच्या दुपारी, ग्रीनिच वेळेनुसार सव्वातीनच्या पुढे, लपवलेली साखळी जाहीर झाली. खऱ्या साखळीवरचे ६०३ ब्लॉक पुसले गेले आणि त्यांच्या जागी हल्लेखोराचे ५५३ ब्लॉक आले. बिट्रेक्सवर व्हर्टकॉइनची भर पक्की धरायला ६०० ब्लॉक लागत. ६०३ हा आकडा त्याच्या जेमतेम पुढचा आहे, म्हणून बहुधा निशाणा तिथलाच होता. ६०० ब्लॉक म्हणजे पंचवीस तास. तेवढा वेळ ताकद भाड्याने घेऊन बसलेल्या माणसाचा डाव शेवटच्या घडीला फसला, कारण ज्या दारातून तो पैसे काढणार होता ते बंद झालं होतं. दोनदा खर्च झालेली नाणी होती फक्त १२५, म्हणजे सुमारे २९ डॉलरची. ५५३ ब्लॉकांचं प्रत्येकी २५ नाण्यांप्रमाणे १३,८२५ नाण्यांचं बक्षीस त्याला मिळालं, त्या वेळच्या भावाने तीनेक हजार डॉलर. ताकदीचं भाडं वजा केलं तर उरलं फारसं नसावं.

मला हा प्रसंग या कथेतला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. साखळी उलटली, नियमांनी ती वाचवली नाही. ज्यांची कष्टाची कमाई त्या ६०३ ब्लॉकांत होती अशा प्रामाणिक मायनरांची ती कमाई गेली, आणि तिची भरपाई कुणीच केली नाही. पण चोरीचा मुख्य हेतू फसला तो एका माणसाने बाजारभावाकडे लक्ष ठेवलं आणि वेळेवर निरोप पाठवला म्हणून. कुणावरही विश्वास ठेवायची गरज नसलेली व्यवस्था, अशी क्रिप्टोची जाहिरात केली जाते. व्हर्टकॉइन ज्यांनी चालवलं त्यांना ते कधीच खरं वाटलं नसावं. ते सतत एकमेकांवर, एक्स्चेंजमधल्या एखाद्या जागरूक माणसावर आणि पूल चालवणाऱ्या अनोळखी लोकांवर विसंबूनच काम करत होते.

लव्हजॉय यांनी हा विषय पुढे एमआयटीतल्या प्रबंधातही नेला. कष्टावर चालणाऱ्या अनेक साखळ्यांवर सतत नजर ठेवून त्या किती वेळा आणि किती खोल उलटतात हे त्यांनी नोंदवलं. २०२० च्या फेब्रुवारीत बिटकॉइन गोल्डच्या साखळीवर त्यांना अजब घटना दिसली. एकाने साखळी उलटवली, तर दुसऱ्याने, बहुधा ज्याचे पैसे गेले त्याने, ताकद लावून ती पुन्हा सुलट केली. असा झगडा अनेकदा झाला. हल्ल्याला प्रतिहल्ल्याचं भय घालता येतं का, यावर एमआयटी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी निबंध लिहिला. एका बारीकशा नाण्यावरच्या रखवालीतून निघालेलं हे ज्ञान नंतर इतर सगळ्यांच्या उपयोगाचं ठरलं.

चौथी मोडतोड घाईची नव्हती. या वेळी हॅशांच्या मालिका बदलण्यापेक्षा गणिताचा पायाच बदलायचं ठरलं. लव्हजॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून ‘व्हर्टहॅश’ तयार झालं. त्याची कल्पना साधी आहे. प्रत्येक मायनरकडे सुमारे १.२ जीबीची एक फाइल असते. प्रत्येक प्रयत्नात त्या फाइलमधल्या इकडच्या-तिकडच्या, आधी न सांगता येणाऱ्या जागांवरून माहिती वाचावी लागते. हिशेब करायला लागणारा वेळ नगण्य, वेळ जातो तो मेमरीतून माहिती आणण्यात. आणि मेमरीतून वेगाने माहिती आणण्यात ग्राफिक्स कार्डं आधीच इतकी चांगली आहेत की खास चिप बनवून फार फायदा उरू नये. एसिक बनवणाऱ्याने बनवलीच, तर तीही एक महाग मेमरी असलेलं ग्राफिक्स कार्डच ठरावं, असा डाव.

ही फाइल कुणाकडून मागून घ्यायची नव्हती. ती ठरावीक नियमाने कुणीही आपल्याच कॉम्प्युटरवर तयार करू शकतो आणि सगळ्यांची फाइल अक्षरशः एकसारखी येते. एवढं मोठं ओझं प्रत्येक मायनरच्या कार्डावर आलं म्हणजे कमी मेमरीची जुनी कार्डं बाद झाली. घरच्या माणसासाठी केलेल्या बदलात काही घरची माणसं गळणार होती. हा तोटा ठाऊक असूनही तो पत्करला गेला. माझ्या मते तो बरोबर निर्णय होता, पण ज्यांचं कार्ड त्या दिवसापासून निकामी ठरलं त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यात न्याय फारसा नाही.

नवं गणित एकट्याचं असण्याचा एक मोठा फायदाही होता. दुसऱ्या कुठल्याही मोठ्या नाण्याचं मायनिंग व्हर्टहॅशवर होत नव्हतं. त्यामुळे व्ही३ ची भाड्याची ताकद हल्लेखोराला इथे कामाची राहिली नाही.

२०२१ च्या जानेवारीच्या अखेरीस, ब्लॉक क्रमांक १५,००,००० वर, व्हर्टहॅश लागू झालं. सॉफ्टवेअर आधीच सगळ्यांच्या हाती होतं, एक्स्चेंजना आधीच कळवलेलं होतं, पूल तयार होते. काळ मात्र वाईट निवडला गेला, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. त्याच महिन्यांत इथीरियमचा भाव वर चालला होता, आणि त्याच्या मायनिंगसाठी लोक जगभरातली ग्राफिक्स कार्डं दुकानात येण्याआधीच उचलत होते. ज्या साध्या कार्डाच्या हक्कासाठी सात वर्षं ही सगळी धडपड झाली ते कार्ड त्या हिवाळ्यात दुकानात धड भावात मिळेना. ज्याच्याकडे आधीचं होतं त्याला इथीरियमचं मायनिंग जास्त फायद्याचं पडत होतं. व्हर्टकॉइनवर जे थांबले ते बऱ्याच अंशी आपलेपणाने थांबले.

२०२१ च्या डिसेंबरात ब्लॉकमागची नाणी दुसऱ्यांदा निम्मी होऊन साडेबारा झाली. लव्हजॉय यांची वाट त्याआधीच वेगळ्या दिशेला वळली होती. बॉस्टनची फेडरल रिझर्व्ह बँक आणि एमआयटी मिळून ‘प्रोजेक्ट हॅमिल्टन’ चालवत होत्या. सरकारने डिजिटल डॉलर काढायचं ठरवलं तर त्याच्या पोटातली यंत्रणा कशी असावी, हा त्याचा विषय. फेब्रुवारी २०२२ मध्ये या प्रकल्पाचा पहिला निकाल आला. सेकंदाला १७ लाख व्यवहार पेलणारी रचना प्रयोगशाळेत उभी राहिली होती आणि तिच्या मुख्य कर्त्यांत लव्हजॉय होते. व्यवहारांची नोंद कुणी ठेवावी, या प्रश्नावर व्हर्टकॉइन आणि मध्यवर्ती बँक दोन टोकांना उभ्या आहेत. पण दोनदा खर्च झालेला पैसा प्रत्यक्षात कसा दिसतो, हे ज्याने १ डिसेंबर २०१९ ला पाहिलं त्याचा अनुभव दुसऱ्या टोकालाही उपयोगी पडला असणार.

व्हर्टकॉइनचं काम नव्या हातांकडे गेलं, आणि त्यात दिमाखाचं काहीच नाही. व्हर्टकॉइनचं सॉफ्टवेअर ज्याच्यावर बेतलेलं आहे त्या बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती साधारण सहा-सात महिन्यांनी येते. तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, बाहेरून घेतलेल्या कोड-लायब्रऱ्या बदललेल्या असतात, नव्या ऑपरेटिंग सिस्टिमांना जुळवून घेतलेलं असतं. त्या सगळ्यावर व्हर्टकॉइनचे स्वतःचे बदल नव्याने बसवावे लागतात: व्हर्टहॅश, त्याची फाइल तयार करायची सोय, काठिण्य जुळवायचा नियम, आणि जुनी साखळी तपासता यावी म्हणून आधीची चारही गणितं. कारण नवा कुणी आज पहिल्यांदा व्हर्टकॉइनचं सॉफ्टवेअर सुरू करतो, तेव्हा ते २०१४ च्या पहिल्या ब्लॉकपासून एकेक ब्लॉक त्या त्या काळच्या गणिताने तपासत पुढे येतं. प्रत्येक मोडतोडीचा कोड कायमचा सांभाळावा लागतो. २०१९ ला दारं वेळेवर बंद करणारं बिट्रेक्स २०२३ मध्ये गुंडाळलं गेलं, आणि व्हर्टकॉइनला आपले मोजके व्यवहार दुसरीकडे शोधावे लागले. व्हर्टकॉइन कोअर मात्र बिटकॉइन कोअरच्या २२ आणि २३ क्रमांकांच्या आवृत्त्यांवर आणून बसवलं गेलं, आणि दर अडीच मिनिटांचा ब्लॉक येत राहिला.